रॉकेटातला लाल मणी

मंगळवार, दिवाबत्तीच्या वेळी

नात गार्गीसाठी पांढरकवड्याच्या बाजारातून तुकडे जोडायचं रॉकेट आणलं. स्वस्तातलं आहे, पण चीज चांगली. तुकडे गच्च बसतात. आत बोटाच्या पेराएवढा अंतराळातला माणूस, त्याचा टोपही निघते. खरं तर मलेच जास्त हौस. तुकडे हरवू नये म्हणून तुरीसारखे सुपात ओतले. रॉकेट उभं झालं अन् एक लाल मणी उरला. गार्गी म्हणे, "आजी, हा जास्तीचा देतात, एखादा हरवला तर लावाले." तो मी सुपातच ठेवला.

आता सुपात मणी नाही.

गार्गीची धाकटी बहीण चिकू, दीड वर्षाची, सूप धरूनच उभी होती. तिच्या तोंडात बोट घालून पाह्यलं, तर हसली अन् चावली. श्वास बरोबर आहे. पण तो मणी, ज्वारीच्या दाण्याएवढा. रॉकेट झाल्यावर मी सवयीनं सूप अंगणात झटकलं होतं, तेव्हाच उडाला असंल का? का त्याच्या आधीच पोरीनं? अंगण दोनदा धुंडाळलं. एवढ्या लेकरापुढं कायले मांडलं मी हे?

सून सकाळी म्हणाली होती, "आई, तुकडे लय बारीक हायेत, चिकूकडे लक्ष ठेवा." मी म्हटलं, "मले नको शिकवू, चार लेकरं वाढवली मी." म्हणून तिले अजून सांगितलं नाही.

आता चिकू खोकलली. एकदाच. लाल मणी तिनं गिळला का नाही, मले माहीत नाही. वही ठेवून सुनेले सांगाले चालली.