समोरच्याला उजव्या हाताला ठेवून

कार्तिक शुद्ध नवमी, शके १८६८. गोंदिया. दिवेलागण.

श्रीगजाननाची कृपा. तिच्यामुळेच आज घरात सुतक नाही.

लढाईवरून परतलेला माझा मुलगा दामोदर उद्यापासून आमगावची मोटार हाकणार. आज सरावासाठी रिकामी नेली. मी सोबत होतो. मुर्री गावाजवळ समोरून धानाची बैलगाडी आली. डावीकडे व्हायचे, तर याचा हात उजवीकडे वळला. वीतभर अंतराने वाचलो. गाडीवान ओरडला, "काऊन गा, कोन्या मुलकात हाकून राहिला तू?"

प्रश्न तरी कुठे चुकीचा होता?

"इटलीत सारे उजवीकडूनच चालवत, बाबा," दामोदर म्हणाला. "हात अजून तेथंच आहे जी."

थकलो आहे. तो उजवीकडे वळलेला हात डोळ्यांपुढून हलत नाही. उद्या मोटारीत बायका-लेकरे असतील. वाटेत गाय, देवालय, वृक्ष आल्यास त्यांना उजव्या हाताला ठेवून जावे, असे शास्त्र सांगते. मग समोरून येणारा मनुष्य त्यांहून उणा का मानावा? हे त्याला सांगितले.

"म्हणजे तुळशीची प्रदक्षिणाच की!" म्हणून तो हसत अंगणात उतरला, आणि तुळशीभोवती निघाला तो उलटाच. त्याच्याही ते ध्यानात आले. मग कोणीच हसले नाही.

उद्या मी त्याच्या शेजारी बसणार. समोर गाडी दिसली की एवढेच म्हणेन, "तुळस."

हे वाचणारा प्रत्येक जण सायंकाळी आपल्या दारी सुखरूप पोहोचो.