ताई फक्त बारावी

३ जून
आज परत नाही! ही तिसरी कंपनी. तिथले साहेब म्हणे, "मॅडम, तुम्ही इथे रमणार नाही." ताईने घरात येताच चप्पल अशी भिरकावली की एक थेट पलंगाखाली. दोन एमए, वर पीएचडी. आई म्हणाली, "अजून एक करून टाक, भिंतीवर जागा आहे." ताई हसली नाही. मग मीपण नाही.

४ जून
ताई दिवसभर भिंतीकडे तोंड करून.

६ जून
आमच्या औषधांच्या गोदामात बिलं करायला माणूस हवाय. नववीत शाळा सोडल्यापासून मी तिथे खोकी भरते. बरं आहे – खोक्यांशी बोलावं लागत नाही! ताईला सांगितलं. वाटलं चिडेल. तर म्हणाली, "मालकांना सांग, बारावी झालीये."
"खोटं सांगू?"
"खोटं कसलं? झालीच आहे की बारावी माझी!"

७ जून
मालकांपुढे उभी राहिले. कसंबसं बोलले. ते म्हणाले, "बारावी? बास झालं. मागे एक डिग्र्यांवाला ठेवला होता. मलाच धंदा शिकवायचा, आणि महिन्यात पळाला. सोमवारी पाठव."
घरी आले ती पळतच. ताई कपाट उघडून बसली – कुठला ड्रेस साधा दिसेल? मला विचारत होती, मला!

९ जून
मेलं माझं डोकं! फोन टेबलावर होता. मी खोक्याला टेप लावत होते, दोन्ही हात अडकलेले. ताईचा फोन आला, दाराशी पोचली होती. मालकांनी उचलून मला द्यायला घेतला. वर नाव – 'ताई पीएचडी'. तिला मिळाली त्या दिवशी मीच टाकलेलं, मिरवायला.
"बारावी ना गं?"
मी आपली टेपच लावत राहिले. चिडवायला ठेवलंय म्हणायचं ना! आत्ता सुचतंय.
मालक दारात जाऊन तिला म्हणाले, "मॅडम, तुमच्या लायकीचं काम नाही हो इथे." इतक्या आदराने! त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.
घरी आल्यावर मी रडायला लागले. ताई म्हणाली, "ए वेडे, नाव बदलू नकोस हं ते."

१० जून
जेवण जात नाही.

१२ जून
मालकांनी बिलांच्या खुर्चीवर मला बसवलं. "मी शिकवतो. तू कुठे जाणारेस!"
मी मान डोलावली. ताईला अजून सांगितलं नाही.