अप्पांच्या आवाजाची लेवल

सोम. ३ नोव्हें.
डॉ.नी तारीख दिली. २० ला ऑप. अप्पांच्या स्वरयंत्रात गाठ आहे. अर्धं काढायचं की सगळं, ते आत उघडल्यावरच कळणार. सगळं काढलं तर आवाज गेला. हे इतकं थंडपणे सांगितलं की टेबलावरचा पेपरवेट उचलून... जाऊ दे.
स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या, आधीच त्यांचा आवाज भरून ठेवा, नंतर फोनमधून त्यांच्याच आवाजात वाक्यं ऐकवता येतात. बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, "भरून ठिवा म्हंजी? लोणचं हाय व्हय?" जन्मभर मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव पुकारलेला माणूस. आवाज घोगरा झालाय, पण अजून दणदणीत आहे.

बुध. ५
ऑफिसातल्या शबानाकडून रेकॉर्डर आणला. ऑफिस सुटल्यावर चिंचोळीहून येताना बसमध्ये मांडीवर तान्ह्या पोरासारखा धरला होता. ती म्हणाली, आवाजाची लेवल मशीनवर सोडू नकोस, ऑटो बंद ठेव, हाताने लाव. आणि लावायची ती माणसाच्या मोठ्यात मोठ्या आवाजावर. मीटर लालला टेकलं की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कुणाच्या बापाला शिवता येत नाही.
घरी अप्पांना म्हटलं, काहीतरी बोला, लेवल बघते. "हॅलो, हॅलो," पुटपुटले, देवळात उभे असल्यासारखे. त्यावर लावली. मग म्हटलं लिलाव म्हणा. "बोला अठराशे! अठराशे! एकोणीस!" फ्रीजवरची वाटी थरथरली. ऐकलं तर पत्रा फाडल्यासारखं. लेवल खाली घेतली तर घरातलं बोलणं गायब. एका माणसात दोन माणसं आहेत, मी कुणाला धरू?

शुक्र. ७
बाईंनी दिलेली वाक्यं वाचून घेतली. "मला मदत हवी आहे." अप्पा कागद खाली ठेवून, "असं कोन बोलतं गं? हवी आहे! मी काय मामलेदार हाय?" तरी वाचलं. मास्तरांनी बाकावर उभं केल्यासारखं वाचलं. हा माझा बाप नाहीच. रागाने सगळं पुसून टाकलं. पुसायला नको होतं का? दिवस किती कमी राहिलेत आणि मी पुसत बसलेय. कशातच लक्ष लागत नाही.

रवि. ९
घात झाला. दुपारी अप्पा आपणहून बोलायला लागले. अक्कलकोटकडचं शेत, त्यांचे वडील, पहिल्यांदा बाजारात उभे राहिले तो दिवस. मी पटकन बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकत होता, मीटर हलत होतं, मी खूष. शेवटी बघते तर काहीच भरलेलं नाही. एकदा दाबलं की मशीन नुसतं तयार होतं, दिवा लुकलुकतो. परत दाबलं की दिवा स्थिर होतो, तेव्हा भरायला लागतं. शबानाने सांगितलं होतं, माझ्याच डोक्यात शेण. अप्पा म्हणाले, "परत सांगतो की, त्यात काय." सांगितलंही, पण अर्ध्यात खोकला आला आणि राहिलं.

मंगळ. ११
एक कळलं. अव्वा, म्हणजे आई, समोर बसली की अप्पा खरे बोलतात. आणि मीच मूर्ख इतके दिवस तिला शू शू करून गप्प बसवत होते. आज दोघं कन्नडात सुरू झाले, मधेच मराठी, कुणाच्या आईची शेंगापोळी चांगली यावरून. मस्त जुंपली होती. पण अव्वाच्या बांगड्या! हात हलला की खळ्ळकन, मीटर लाल. माझ्या तोंडून गेलं, "अव्वा, बांगड्या काढून ठेव की जरा वेळ."
अव्वा उठून आत गेली. अप्पा हळूच म्हणाले, "येडी हायस का गं?" तेव्हा डोक्यात उजेड पडला. नवऱ्याचं ऑप. तोंडावर आणि पोटची पोरगी म्हणते बांगड्या काढ. जीभ झडो माझी.

गुरु. १३
अव्वा बोलत नाही. ताटसुद्धा आपटत नाही, ते जास्त वाईट. पाया पडले तर म्हणाली, "तुझ्या मशीनच्या पड." परवापासून एक शब्द भरलेला नाही. अप्पांचा आवाज रोज बसत चाललाय असं वाटतं. की मलाच भास?

शनि. १५
आज अव्वा आपणहून येऊन बसली. दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून, बांगड्या वाजू नयेत म्हणून. हातच हलेनात तर भांडणार कशी? अप्पाही नरम, दोघं पाहुण्यांसारखे बोलत होते. मीच बंद केलं. म्हटलं, "अव्वा, हात सोड. वाजू दे. वाजतच राहू दे." तिने पदरातून हात सोडवले. मग म्हणाली, "आता आली का अक्कल?" मला रडू आवरेना.
रेकॉर्डर टॉवेलच्या घडीवर ठेवला, अप्पांच्या बाजूला. लेवल त्यांच्या ओरडण्यावर. अव्वा बारीक येते, येऊ दे. बांगड्या येतात, येऊ देत. अप्पा पोटभर भांडले आणि खोखो हसले. हसणं फाटलं नाही.

बुध. १९
दाखल केलं. आवाजाच्या प्रती दोन ठिकाणी ठेवल्या. बॅ. चार्ज. भीती वाटते. बाकी काय लिहू?

गुरु. २०
सकाळी आत नेलं. स्ट्रेचरवरून मला म्हणाले, "गाडी आडवी लावलीयस, वॉचमन वरडंल. आधी काढून ये." आणि दार लागलं. रेकॉर्डर पिशवीत, बंद.
संध्या. डॉ. म्हणाले, अर्धं वाचवलंय. आवाज येईल का विचारलं तर, "येईलही, नाहीही. थोडे दिवस थांबा." थांबा म्हणे! यांचं काय जातंय?

मंगळ. २ डिसें.
अजून वॉर्डातच. गळ्यात नळी. आज थेरपीच्या बाईंनी, हवा वर गळ्यातून जावी म्हणून, नळीच्या तोंडावर बोट ठेवलं आणि अप्पांना म्हणाल्या, बोलून बघा. मी लेवल पार वरपर्यंत नेली. दिवा स्थिर आहे का, परत परत बघितलं. अप्पांचे ओठ हलले. मीटर जरा हललं, पण ते डोक्यावरच्या पंख्यानेही हलत होतं. बाई म्हणाल्या, हरकत नाही, उद्या परत करू, आणि गेल्या.
अव्वा उठली आणि पंखा बंद करून आली.
मी विचारलं, "काय गं?"
"बंद कर म्हणाले की. थंडी वाजतीय त्यांना."
मी हेडफोन लावून ऐकलं. परत ऐकलं. नुसती पंख्याची घरघर. अप्पांनाच विचारावं म्हणून वळले तर त्यांचा डोळा लागलेला. उठल्यावर मान हलवून सांगतील, खरंच तसं म्हणाले की नाही. पण अव्वासमोर नको विचारायला.