पाहुणीसाठी मांडलेलं टेबल

शारावेक्किया,
९ जुलै १९७१

लाडक्या चिरीनो,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या बायकोचा, मिर्ताचा, गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, अर्जेंटिनातल्या डॉक्टरांच्या गोळ्या पुरे झाल्या, आपल्या गावच्या पायऱ्या चढली की आपोआप मोकळा होईल. मी ठणठणीत आहे. चर्चच्या किल्ल्या अजून माझ्याच कमरेला आहेत. परवा मिलानचं एक जोडपं गाव बघायला आलं होतं. काळ्या दगडाचा घंटामनोरा दाखवला, मग जिन्याने खाली जुन्या विहिरीपाशी नेलं. बाई विचारते, "विहीर एवढी खोल का खणली?" म्हटलं, "ती जागच्या जागीच आहे हो, गाव वर आलं." पणजोबांच्या वेळच्या लाव्ह्यावर आपण राहतो हे कळल्यावर ती बिचारी टाचा उचलूनच चालायला लागली.

वरची, आपली डोंगरीण, मे महिन्यात जागी झाली, हे तुमच्या पेपरात आलं असेल. पेपरवाले मीठमसाला लावतात. शाळा उभी आहे, चौक उभा आहे. शेजारच्या कॉन्चेत्ताच्या जिभेला तर झळसुद्धा लागलेली नाही. आपल्या मळ्यातला अर्धा भाग वाचला आणि द्राक्षं भरघोस धरली आहेत.

लाव्हा दफनभूमीच्या भिंतीपाशी आला तेव्हा गावाच्या राखणदार संत बियाजोला चर्चबाहेर काढलं. मूर्ती कुठे ठेवायची यावरून ही जुंपली! बाजारातले म्हणत आमच्याकडे, वरच्या आळीतले म्हणत आमच्याकडे. शेवटी फादर ग्रेगोरिओंनी वैतागून चर्चच्या वळणावर ठेवली आणि आम्ही सगळे तिच्यामागे गुडघे टेकून बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी लाव्हा चर्चच्या अलीकडे थबकला आणि डावीकडे वळला. लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. घंटा मीच वाजवल्या. दोरी हातात असतानाच माझ्या लक्षात आलं, की चर्चच्या डावीकडे आपलं घर आहे.

लाव्ह्याला घरापाशी पोचायला दोन दिवस लागले. खाट, आईचं शिवणयंत्र आणि बाबांचा फोटो कॉन्चेत्ताकडे हलवला. मग घर झाडलं आणि फरशी पुसायला बसले. कातानियाहून आलेला अग्निशामक दलाचा एक जवान दारात उभा राहिला.

"मावशी, घर उद्या जाणार, आणि तुम्ही फरशी पुसताय?"

"मग काय घाण ठेवू? कोण येतंय ते बघ तरी."

"येतोय तो लाव्हा आहे."

"ती आहे. आणि एवढं चालून दमली असेल."

तो हसला नाही. बूट काढून आत आला आणि टेबल खिडकीपाशी सरकवायला मदत केली. डोंगरीण घरी येते तेव्हा पाहुणीसारखं टेबल मांडायचं, आजीने आपल्याला दाखवलं होतं तसंच सगळं केलं. पांढरा टेबलक्लॉथ, पाव, मेंढीचं चीज, वाइन. कॉन्चेत्ता भिंतीपलीकडून ओरडलीच, "चांगल्यातली ठेव हो! माझ्या दिराने आंबलेली ठेवली होती, तर गोठासुद्धा गेला." मी चांगल्यातलीच ठेवली. दाराला कुलूप लावलं नाही.

भर दुपारी आली. आधी लिंबाचं झाड गेलं, मग स्वयंपाकघर. छप्पर बराच वेळ तग धरून होतं. मी रडले, चिरीनो, खोटं कशाला बोलू. तू लिहिलं होतंस ना, "द्राक्षतोडणीला कायमचा येतो, माझी खोली रंगवून ठेव"? खोली रंगवून झाली होती. तीही तिलाच मिळाली.

हे पत्र कधीच लिहायला हवं होतं, पण धीर होईना. मला डोंगराची भीती नाही. मिर्ता म्हणेल, "बघा, मी सांगत नव्हते, जाऊ नका म्हणून?" आणि तू गप्प बसशील, याची भीती आहे. तू गप्प बसलास की तुझं येणं राहून जातं, ते मी तीस वर्षं बघितलंय.

सरकारने खाली कातानियात दोन खोल्या देऊ केल्या. लिफ्ट आहे म्हणे. मी नको म्हणून सांगितलं. जागा आपलीच आहे, फक्त दोन पुरुष उंच झाली आहे. दगड अजून आतून गरम आहे, पाऊस पडला की वाफा येतात. पुढचा हिवाळा गेला की पाया घालता येईल. तोवर कॉन्चेत्ताचा माळा आहे, तिचं घर चढावर म्हणून वाचलं. घोरते, पण माणूस चांगली आहे. माळ्यावर आणखी दोघांची सोय होते, मी विचारून ठेवलंय.

घर मी बांधेन. त्याला मी कुणाची वाट बघणार नाही. पण त्यात एकटीने राहायचं नाही मला.

रोक्को गवंडी चौकटींचे दगड आतापासून घडवायला घेतोय. समुद्राकडच्या भिंतीत माझ्या खोलीची खिडकी आहेच. त्याच भिंतीत दुसरी खिडकी ठेवायची, की भिंत सरळ उचलायची, एवढंच त्याला हवंय. मी म्हटलं, थांब, भावाला विचारते.

रोक्कोला थांबवून बसलेली,
तुझी ताई
वेनेरा