पुढचा ब्रेक

२ जुलै २०१७, रविवार
सौदामिनी आणि लेक मालविका लातूरला जाऊन आज सतरा दिवस झाले. अकरावी-बारावी दोन्ही वर्षं तिकडेच. क्लासच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. खाली मेस, वर सगळ्या अशाच आया आणि मुली.
घर शांत. मला शांतता आवडते. वाचन होईल.
संकल्प : १) दर रविवारी मोटारसायकलने लातूर. लोहा, अहमदपूर, चाकूर, साडेतीन तास. मालविकाला मागे बसवून क्लासला सोडायचं. २) फिजिक्सच्या नोट्स स्वतः लिहून तिला द्यायच्या. बाप बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो आणि मुलगी फिजिक्स शिकायला दीडशे किलोमीटर जाते, हे लोकांना विचित्र वाटतं. मला वाटत नाही. ३) रोज भाजी.
आज गेलो नाही. आभाळ होतं.

४ जुलै, मंगळवार
रजिस्टर पोस्टाने मोटारसायकल कंपनीचं पत्र. माझ्या गाडीच्या बॅचमध्ये पुढच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधलं रबरी सील सदोष असू शकतं. ब्रेक ऑइल गळून लिव्हर मऊ पडण्याची शक्यता. जवळच्या शोरूमला गाडी दाखवावी, सील मोफत बदलून मिळेल, 'कृपया विलंब करू नये'.
गाडी घेऊन सव्वा वर्ष झालं. पत्रात चेसिस नंबर माझाच आहे. तीनदा ताडून पाहिला. कंपनीने नावानिशी लिहिलं याचं बरं वाटलं. हल्ली पत्रं कोण लिहितं.

८ जुलै, शनिवार
शोरूमला गेलो. सर्व्हिस काउंटरवर वैष्णवी नावाची मुलगी. आमच्याच कॉलेजची, कॉमर्सची, त्यामुळे मी तिला शिकवलेलं नाही. तरी उठून उभी राहिली. सील अजून आलेलं नाही, आलं की फोन करते म्हणाली आणि माझा नंबर लिहून घेतला. तोवर गाडी जपून चालवा, शक्यतो चालवूच नका, असंही म्हणाली.
मी तिला पास्कलचा नियम समजावून सांगितला. मागे रांग होती, पण तिने शेवटपर्यंत ऐकलं.

९ जुलै, रविवार
सौदामिनीला फोन. म्हटलं, ब्रेकचं असं झालंय, तेव्हा गाडीने येणं धोक्याचं. ती म्हणाली, मग एसटीने या. तिला प्रश्न कळलाच नाही. मी गाडीने येणार असं ठरलं आहे. एसटीने येणं हा वेगळा कार्यक्रम झाला.
मालविकाची टेस्ट होती. बोलणं झालं नाही.
भाजी : नाही. पोहे.

२२ जुलै, शनिवार
कंपनीला पाच पानी पत्र लिहिलं. सील कोणत्या रबराचं होतं, किती तापमानाला तपासलं, दाब किती दिला. आकृती काढली. स्टाफरूममध्ये वाचून दाखवणार होतो, पण तासानंतर कुणी थांबत नाही. व्यंकटीला वाचून दाखवलं. व्यंकटी आमचा शिपाई, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, रोज उमरीहून रेल्वेने येतो. आकृती बघून म्हणाला, "सर, एवढं ठाऊक हाय तर तुमीच का न्हाई बसवून टाकत सील?"
चांगला माणूस आहे, पण थिअरीची बैठक नाही.

१ ऑगस्ट, मंगळवार
वैष्णवीचा फोन. सील आलं, सर कधी येता? तिला सांगितलं, माझ्या पत्राचं लेखी उत्तर आल्याशिवाय मी गाडीला हात लावू देणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, बरं सर, परत फोन करते. मग विचारलं, "जेवण झालं का सर?"
झालं नव्हतं. झालं म्हणालो.

६ ऑगस्ट, रविवार
सौदामिनीने विचारलं, ब्रेक दाखवला का? नाही म्हटलं असतं तर तिने तिच्या भावाला, आलोकला, पाठवलं असतं. तो परभणीहून येऊन माझी गाडी ढकलत शोरूमला नेणार, हे दृश्य मला नको होतं. हो म्हटलं. झालं काम म्हटलं.
खोटं नव्हे. होणारच आहे.
मग ती म्हणाली, आता या. म्हटलं, युनिट टेस्टचे पेपर आहेत.
पेपर चार आहेत. वर्गाच्या पटावर साठ. बाकीचे सगळे क्लासला. त्यांची नावं फक्त इथे असतात.

१९ ऑगस्ट, शनिवार
वैष्णवीचा फोन. ऑगस्टमधला तिसरा. फार चिकाटीची मुलगी. म्हणाली, सर, यादीत तुमची एकच गाडी राहिली, रोज वरून विचारतात. म्हटलं, पुढच्या आठवड्यात. ती म्हणाली, मागच्या आठवड्यातही तुम्ही हेच म्हणालात. तिच्या लक्षात राहिलं.
कंपनीचं उत्तर आलं. दोन ओळी. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. आकृतीचा उल्लेख नाही. पुन्हा लिहावं लागेल.
गाडी रोज चालवतो, पण तिशीच्या वर नाही आणि मागच्या ब्रेकवर. ज्याला शास्त्र कळतं त्याला भीती नसते.

२७ ऑगस्ट, रविवार
गणपतीला दोघी येणार होत्या. मालविकाची टेस्ट सिरीज. मूर्ती मीच आणली. आरती एकट्याने म्हटली की लवकर संपते, हे निरीक्षण.
सौदामिनीने पुन्हा विचारलं, ब्रेक दाखवला ना नक्की? दर रविवारी तेच. हल्ली ती विसरायला लागली आहे. लातूरच्या पाण्याचा परिणाम असावा.
नोट्स सुरू केल्या. पहिलं प्रकरण घर्षण.

११ सप्टेंबर, सोमवार
व्यंकटीला गाडी देऊन बँकेत पाठवलं होतं. परत येऊन म्हणाला, "सर, पुढचा ब्रेक लई मऊ लागून राहिलाय. दोनदा दाबावं लागायलंय. दाखवून घ्या." मी त्याला लिव्हर, द्रव आणि दाब यांचा संबंध फळ्यावर काढून दाखवला. "असंल सर," म्हणाला, "पण मऊ हाय."
घरी येऊन पाहिलं. लिव्हरखाली ओलसर होतं. फडक्याने पुसलं. दोन दिवसांनी पुन्हा बघू.
कंपनीचं पत्र टेबलाच्या खणात आहे. सील अजून बदललेलं नाही हे व्यंकटीला सांगायचं राहिलं. त्याला तसं सगळं कळणारही नव्हतं.

१६ सप्टेंबर, शनिवार
व्यंकटीला अपघात झाला.
नोट्स झाल्या होत्या, चौसष्ट पानं. दुपारच्या लातूर बसच्या ड्रायव्हरकडे द्यायच्या म्हणून त्याला गाडी घेऊन स्टँडला पाठवलं. मी स्वतः जाणार होतो, पण वैष्णवीचा फोन साधारण त्याच वेळेला येतो.
वजिराबादच्या चौकात फळांचा हातगाडा आडवा आला. व्यंकटीने ब्रेक दाबला. लिव्हर मुठीला जाऊन टेकली. गाड्यावरच्या बाईला वाचवायला त्याने गाडी दुभाजकावर घातली. गळ्याजवळचं हाड मोडलं, तोंडावर टाके.
दवाखान्यात गेलो तर स्ट्रेचरवर होता. पाकीट छातीशी धरलेलं. म्हणाला, "सर, सगळी पानं गोळा केली. सत्तावीस नंबरचं घावलं न्हाई."
वैष्णवीचा फोन आला नव्हता.

१७ सप्टेंबर, रविवार
मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन. दोरी नेहमी व्यंकटी बांधतो, आज कुणाला गाठ जमेना. सगळे विचारत होते, कसं झालं? मी सांगितलं, चौकात वाळू होती. वाळू असतेच तिथे. घर्षण गुणांक कमी होतो.
प्राचार्य म्हणाले, तुम्ही लगेच दवाखान्यात धावलात, माणुसकी आहे. मी काही बोललो नाही. अशा वेळी बोलू नये.
सौदामिनीलाही वाळूच सांगितली.   ती म्हणाली, दसऱ्याला या.

२० सप्टेंबर, बुधवार
गाडी टेम्पोत घालून शोरूमला नेली. रामलिंग म्हणून जुना मेकॅनिक आहे. त्याने मास्टर सिलिंडर उघडला, सील काढून माझ्या तळहातावर ठेवलं. काळी, नखाएवढी रिंग. कड फाटलेली.
म्हणाला, "सर, दीड महिना झाला हे नवीन पाकीट तुमच्या नावानं कपाटात पडून हाय." आवाज चढवला नाही.
सील बदलायला पस्तीस मिनिटं लागली. वाकलेलं हँडल सरळ करायला दुसरा दिवस.
वैष्णवीने सही घेतली. अपघाताचं तिला आधीच कळलं होतं. व्यंकटी तिच्या गावचा, उमरीचा. दोघं एकाच रेल्वेने यायचे. तिने कशी आहे तब्येत वगैरे मला विचारलं नाही. खाली बघून म्हणाली, "सर, मी अकरा फोन केले होते."
तिने मोजले होते. मी बारा धरून चाललो होतो.

३० सप्टेंबर, शनिवार, दसरा. लातूर
आलो. साडेचार तास लागले. ब्रेक उत्तम.
आजची तारीख सौदामिनीला चुकत नाही. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी ती औशाजवळच्या मामाच्या गावी होती. मामी गेली. तेव्हापासून या दिवशी घरातली सगळी माणसं तिला समोर लागतात, जेवायला वाढताना ती मोजून बघते. लग्न झाल्यापासून मी एकदाही चुकलो नाही. या एका गोष्टीचं श्रेय मला आहे.
मालविकाचा दसऱ्यालाही क्लास. पावणेदोनला आली, वाळली आहे. "बाबा, नोट्स मिळाल्या, छान आहेत," म्हणाली. अपघातानंतर पुन्हा चिकटवून बसने पाठवलेलं पाकीट फळीवर होतं. चिकटवलेली बाजू तशीच. जेवली आणि दार लावून बसली. साडेपाचला टेस्ट.
स्वयंपाकघरात आम्ही दोघं. मी वाळूचं पुन्हा सुरू केलं. किती वाळू, कुठल्या बाजूला. सौदामिनीने पोळी तव्यावरून उतरवली, गॅस बंद केला आणि मोबाइल माझ्यापुढे ठेवला.
कंपनीचे मेसेज. आपल्या वाहनाची ब्रेक दुरुस्ती अद्याप बाकी आहे. जुलैपासून दर आठवड्याला एक. गाडी घेताना फॉर्मवर तिचा नंबर दिला होता, कारण मला असले मेसेज वाचायचा कंटाळा. शेवटचा वीस सप्टेंबरचा, काम पूर्ण झाल्याचा.
"दर रविवारी विचारत होते मी," ती म्हणाली. "दर रविवारी तुम्ही हो म्हणत होतात."
मी म्हटलं, मग तू बोलली का नाहीस.
"वाटलं, एकदा तरी तुम्ही स्वतःहून सांगाल." मग म्हणाली, "व्यंकटींना मीही फोन करून सावध केलं नाही. नुसती तुमची वाट बघत बसले. ते माझ्याही डोक्यावर आहे आता."
माझ्याकडे उत्तर तयार होतं. तत्त्वाचा प्रश्न, लेखी खुलासा, रबराची प्रत. ते सगळं मनात एकदा म्हणून पाहिलं. नंतर म्हटलं, घरी कुणी नसतं. ती मुलगी फोन करायची. सील बसलं असतं तर फोन थांबले असते. आणि इथे आलो की तुम्ही दोघी वेळापत्रकात असता, मला कुठे बसायचं कळत नाही, म्हणून ब्रेकचं कारण बरं होतं.
हे मी बोललो. बोलेपर्यंत मलाही माहीत नव्हतं.
सौदामिनीने गॅस पुन्हा लावला. "आधी व्यंकटींना सांगा," म्हणाली. "मला सांगून काय होणार."
साडेपाचला मालविकाला म्हटलं, चल, गाडीवर सोडतो. ती आईकडे बघायला लागली. म्हणाली, "नको बाबा, इथंच तर आहे. चालत चार मिनिटं." गेली.

२ ऑक्टोबर, सोमवार
सुट्टी. उमरीला गेलो. रेल्वेने.
व्यंकटीचा हात गळ्यात, ओसरीत बाजेवर बसला होता. मला बघून उठायला लागला. त्याची बायको सिंधु हिने चहा आणला. रिटायरमेंटला सहा वर्षं आहेत आणि डाव्या हाताने आता वजन उचलता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले, हे तिने सांगितलं. चूक यांचीच असणार, सरांची गाडी म्हटलं की हे जोरात नेतात, असंही म्हणाली. व्यंकटी मान हलवत होता. त्याने घरी असंच सांगितलं होतं.
मी सांगितलं. पत्र, शोरूम, फोन, फडक्याने पुसलेलं तेल. मध्ये पास्कल आला नाही.
सिंधुने एकच विचारलं, "पत्र कधी आलतं?"
चार जुलै, म्हटलं.
ती माझा कप उचलून आत गेली. अर्धा चहा त्यात तसाच होता. बाहेर आली नाही.
व्यंकटी म्हणाला, "असू द्या सर." मग रस्त्याकडे बघत म्हणाला, "सील बसवलं न्हाई हे मला सांगितलं असतं तर म्या पायी गेलो असतो. स्टँड काय लांब हाय."
परतीच्या गाडीला दोन तास होते. स्टेशनवर बसलो. एरवी उमरीला आलो की व्यंकटी येतो पोचवायला. आज आला नाही, ते बरोबरच आहे.

३ ऑक्टोबर, मंगळवार
सकाळी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो. सांगितलं, चौकात वाळू नव्हती. सगळं सांगितलं, तारखांसकट. हेही म्हटलं की व्यंकटी येईपर्यंत तासाच्या घंटा मी देईन, पाणी भरीन, त्याचं जे काम असेल ते करीन. काय कारवाई करायची ती करा.
त्यांनी चष्मा काढून पुसला. मी खुर्चीची पाठ धरून उभा होतो.
ते म्हणाले, "ठीक आहे. दहा चाळीसची घंटा विसरू नका."