टेकडी चढलेलं पिंप

प्रिय फिलोमेनताई,

“समुद्र माझ्या उंबऱ्यापर्यंत येतो, त्याला आत घ्यायचं की नाही ते मी ठरवते,” असं तू लंडनला निघालीस त्या सकाळी आई म्हणाली होती, आठवतं? परवा ते ठरवायची वेळ आली होती. पण आधी खुशाली. आम्ही सगळे धडधाकट आहोत, आपलं डॉमिनिका बेट जागेवर आहे, तुझे गुडघे कसे आहेत?

परवा दुपारी आई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती आणि मी नेहमीप्रमाणे, टेकडीवर माझ्याकडे राहायला चल, म्हणून तिची विनवणी करत होते. तेवढ्यात समुद्राखाली मोठा भूकंप झाला. दाणे अंगणभर. मोठ्या लाटेच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला आणि गाव टेकडीवरच्या चर्चकडे पळालं. आई उठेना. का, तर तू नाताळासाठी पाठवलेलं निळं पिंप घरात होतं, आणि ते नाताळाआधी उघडायचं नाही न् सोडूनही जायचं नाही. (लोकांनी पोरंबाळं उचलली, आम्ही तुझा साबण, तांदूळ न् डबाबंद मासे.) इग्नेशियसकाका आणि मी ते ढकलत वर नेलं. काका धापा टाकत म्हणाले, “अख्खं लंडन भरलंय काय गं तिनं यात?” मागून आई, “हळू रे मेल्या, माझी कपबशी आहे आत!”

चर्चच्या अंगणात टेकतो न टेकतो तोच दुसरा धक्का बसला. पिंप आडवं झालं आणि निघालं की उताराने! पाठोपाठ आई. मी तिचा झगा धरला, काकांनी मला धरलं. पिंप एकटंच गडगडत गेलं ते थेट आपल्या दाराशी थांबलं. समुद्र काही आला नाही. इशारा मागे घेतल्यावर आई मला म्हणाली, “बघ, त्यालासुद्धा कळतं घर कुठलं ते.”

तुझी धाकटी,
व्हर्लिना

ता.क. : कपबशी बघायची म्हणून पिंप शेवटी उघडलंच. कान तुटलाय. आई म्हणते, लंडनलाच तुटला असणार.

आणखी एक : ती का हलत नाही ते काल कळलं. “पिंपावर पत्ता या घराचा असतो. मी वर गेले तर फिलोमेन मला शोधत कुठे येईल?” ताई, लाट कधीतरी येईलच, आणि झगा धरायला मी दर वेळी तिथे असेन असं नाही. तू तिकिटाचं, रजेचं, गुडघ्यांचं लिहिशील. मला ते पाठ आहे. तरी पुढच्या नाताळाला पिंप पाठवू नकोस. तू ये. पत्ता टेकडीवरचा.