पडायचा तास

मानोरा,
ता. ६ सप्टेंबर १९३८

तीर्थस्वरूप गं. भा. गोमतीबाईस,
धाकट्या भावाचा, पुंजाजीचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोळ्याला मिळाले. उत्तराला उशीर झाला, कारण शाळेत एक वाईट गोष्ट घडली.

अमरावतीचा उन्हाळी व्यायामवर्ग करून आल्यापासून कवायत माझ्याकडे आहे, हे तुला ठाऊक आहे. माझ्या शिट्टीची थट्टाही तूच करतेस. पण मुले आता भिंतीसारखी सरळ उभी राहतात. जुलैत शाळा तपासायला डिप्टीसाहेब आले, तेव्हा रांगेकडे बघत त्यांनी दोनदा मान हलवली. त्या आनंदात मी हेडमास्तरांकडून शनिवारचा शेवटचा तास मागून घेतला. धावणे, उडी, चेंडू फेकणे, झेलणे हे सगळे त्या तासात शिकवायचे. अमरावतीला आम्हाला सांगितले होते की मुलाला चालता येते म्हणून उडी मारता येते असे नाही. तीही शिकवावी लागते.

पोळ्यानंतरच्या शनिवारी शाळेच्या ओट्यावरून उड्या होत्या. ओटा माझ्या कमरेएवढा आहे. पहिला शफीक. चौथीतला, शाळेसमोरच्या हबीब पिंजाऱ्याचा मुलगा. दक्ष म्हटल्यावर त्याच्याइतका ताठ कोणी होत नाही. त्याने उडी चांगली घेतली. खाली आला आणि तोल जाऊन कलंडला. डावा हात कोपराखाली मोडला. तांड्यावरून हाड बसवणारा आणला. त्याने कामट्या बांधल्या. हात जुळेल म्हणतो.

हबीबभाई रागावले असते तर बरे होते. ते म्हणाले, मास्तर, हाताची मले फिकीर नाही, तो जुळन. पण पोरगं घराचा उंबरठाबी अम्मीचा हात धरल्याबिगर वलांडत नाही. हे भेव कोन काढन, तेवढं सांगा.

शफीक शाळेत येत नाही. त्याच्या गल्लीतली बाकीची मुले या शनिवारी घरी पळाली. हेडमास्तर म्हणाले, नोव्हेंबर संपेपर्यंत शफीक आपल्या पायांनी त्या तासाला आला तर तास राहील. नाही तर पुंजाजी, तुमी अन् तुमची कवायत बरी.

मी एक जाड गादी शिवून घ्यावी म्हणतो. खाली अंथरली म्हणजे कोणाला लागणार नाही. तुझे मत कळव.

आहे तो लोभ उणा होऊ देऊ नये.
पुंजाजी


वाशीम,
ता. १२ सप्टेंबर १९३८

चि. पुंजाजीस,
बाईचा अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. त्यात हाताचे आहे, बापाचे आहे, हेडमास्तरांचे आहे, डिप्टीच्या मानेचेही आहे. पोरगा जमिनीला कसा टेकला, ते नाही. तू पाहिले नसशील. तुझे लक्ष रांगेकडे असते.

मी माझ्या शाळेचे दार लावून घेतले आणि मुलींना ओट्यावरून उतरवले. एकेक. लुगड्याचा काचा मारून. एकीलाही लागले नाही. सगळ्या खाली आल्या त्या उकिडव्या, बेडकासारख्या. मी त्यांना काहीच शिकवले नव्हते. मग विचार केला तेव्हा ध्यानात आले. घरोघरी देवी भुलाबाई बसल्या आहेत. पोरी रोज संध्याकाळी बसफुगडी घालतात. उकिडवे बसून एकेक पाय पुढे टाकत उसळायचे. गुडघा ताठ केला की आपटलीच. त्यांचे गुडघे आपोआप मिटतात.

तू पोरांचे गुडघे महिनोन्‌महिने ताठ करत आला आहेस. उद्या त्यांना पुन्हा उडी मारायला लाव. उंच नको, पायरीवरून. आणि शिट्टी खिशात ठेवून फक्त पाय बघ.

नंतर त्यांना बसफुगडी शिकव. हसतील, हसू दे.

गादी नको. गादीवर उतरायला शिकलेल्या पोरासाठी गावभर गादी कोण अंथरणार आहे? ओट्याखालची जमीन कुदळीने मोकळी करून घे. माती पुरे.

जेवणाची आबाळ करू नकोस. हा आशीर्वाद रोजचाच समज.
गोमती


मानोरा,
ता. २५ सप्टेंबर १९३८

तीर्थस्वरूप बाईस,
पुंजाजीचा शि. सा. नमस्कार.

तुझे पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्यावर रागावलो होतो. तिसऱ्या दिवशी पोरांकडून पायरीवरून उड्या मारून घेतल्या आणि पाय पाहिले.

बाई, सगळी पोरे जमिनीला टेकताच दक्ष उभी राहतात. टाचा जुळलेल्या, गुडघे ताठ, हात मांडीला चिकटलेले. एकाने तर टेकता टेकता मला सलाम ठोकला. पडताना शफीकचे हात बाजूलाच राहिले असणार. कवायतीत जो सगळ्यांत चांगला, तोच मोडला. हे मी हेडमास्तरांनाही सांगितले. ते म्हणाले, कायले सांगून राह्यले, कोनी विचारलं नव्हतं ना.

मग बसफुगडी. पोरे जागची हलेनात. एक म्हणाला, गुरुजी, हे पोरींचं हाय, आमी कराव काय? दुसऱ्याने विचारले, बांगड्याबी घालाव लागतीन काय? शेवटी मीच धोतर खोचून बसलो. दोनदा उसळलो आणि तिसऱ्यांदा पाठीवर पडलो. शिट्टी तोंडात होती, ती पडताना वाजली. पोरे इतकी हसली की रस्त्यावरची माणसे कुंपणाला आली. पण त्यानंतर एकानेही बांगड्यांचे काढले नाही. आता दुपारच्या सुट्टीतसुद्धा त्यांची पैज लागते. पळता पळता शिट्टीवर थांबायला सांगितले, तर पूर्वी एकमेकांवर आदळत. आता खाली बसून थांबतात. पुढचा तास फेकण्याचा घेईन. चिंध्यांचे चेंडू केले आहेत.

शफीक समोर बापाच्या दुकानात बसून असतो. कामट्या अजून सुटल्या नाहीत. पोरे पडली की तो हसतो. माझे लक्ष गेले की तोंड फिरवतो.

हबीबभाईंकडे गेलो. त्यांनी चहा दिला. माझा गादीचा बेत त्यांच्या कानी गेला होता. म्हणाले, मास्तर, गादी घेऊन जा, एक पैसा देऊ नका. गादी घ्या, पोरगा मांगू नका.

त्यांना कसे समजवावे ते सुचव.

तुझ्या मायेत वाटेकरी नको,
पुंजाजी


वाशीम,
ता. १० ऑक्टोबर १९३८

चि. पुंजाजीस,
अनेक आशीर्वाद.

भुलाबाईची बोळवण काल झाली. खिरापत ओळखायच्या खेळात मी हरले. इकडे एका मुलीची आई भांडायला आली होती, शाळेत पोरींना नाचवता म्हणून. मी म्हटले, देवीचं हाये, तुमच्या घरी बसवता ना? ती आली तशी परत गेली. आता भुलाबाई गेल्या. पुढच्या महिन्यात कोणाचे नाव सांगावे, ते बघते आहे. उड्या मात्र बंद होणार नाहीत.

तू बापाला समजवू नकोस. तो पोरावर जीव टाकतो, त्यात समजवण्यासारखे काही नाही. पोराकडे जा. उडीचे नावही काढू नकोस, त्याला पडायला शिकव. बसल्या जागेवरून. आधी नुसते कलंडायचे. हनुवटी छातीशी, हात ताठ टेकायचा नाही, खांद्यावरून गोल जायचे. जमिनीशी ओळख झाली की तिची उंची कमी वाटते.

आणि एक ध्यानात ठेव. तो पुन्हा पडणार नाही, असे त्याच्या बापाला कबूल करू नकोस. तसे कबूल केले की तू पहिल्याच दिवशी खोटा पडशील.

थंडी वाढते आहे, घोंगडी उन्हात घाल.
तुझे बरे चिंतणारी,
गोमती


मानोरा,
ता. २९ नोव्हेंबर १९३८

तीर्थस्वरूप बाईस,
पुंजाजीचा साष्टांग नमस्कार.

मध्ये पत्र नव्हते, कारण लिहिण्यासारखे काही पुरे झाले नव्हते.

कामट्या सुटल्या तसा मी हबीबभाईंच्या दुकानात जाऊन बसू लागलो. रमजान होता. तेवढ्यातही ते रजयांच्या कामाला जुंपलेले. शफीकला मी कलंडून दाखवले. तुझे ऐकायचे होते, पण दुकानात माती कुठली? पिंजलेल्या कापसाचा ढीग होता. पहिले पडणे त्यातच झाले. एकदा पडला, मग थांबेचना, पुन्हा पुन्हा पडू लागला. अमीनाबी, त्याची आई, आत पोराच्या केसांतला कापूस वेचत होत्या. पडद्याआडून त्यांनी मला ऐकवले, मास्तर, पोरगं शिकून राह्यलं की उशी भरून राह्यलं? दुसऱ्या आठवड्यात ढीग संपला, रजयांत गेला. उरली जमीन. तोवर त्याला ती चालू लागली होती.

एक दिवस हबीबभाईंनी विचारले, मास्तर, लिहून देता काय, पोरगं पुन्हा पडनार नाही म्हून? मी म्हटले, नाही देत. पडेल. पडल्यावर काय करायचे, ते त्याला येत असेल. ते कापूस पिंजायच्या धनुकलीची तात वाजवत राहिले. कापूस उडत होता. मग म्हणाले, तुमी लय कडू मास्तर आहा, पन झूट बोलून नाही राह्यले.

ईदनंतरच्या शनिवारी शफीक आपणच रस्ता ओलांडून आला. म्हणजे तास राहिला. हेडमास्तरांनी एवढेच बजावले की जानेवारीत डिप्टीसाहेबांना रांगा वाकड्या दिसल्या तर उत्तर मी द्यायचे. देईन. उत्तर माझ्याजवळ आहे.

आता आमच्याकडे एक रीत आहे. कोणी कुठून उडी मारायची, ते ज्याचे त्याने ठरवायचे. खालची पायरी, वरची पायरी, नाही तर ओटा. कोणी कोणाला चिडवायचे नाही. शनिवारी शफीक खालच्या पायरीवर होता. आज मंगळवार. हेडमास्तर आजारी म्हणून मी सगळी शाळा पटांगणात काढली होती. तो सरळ ओट्यावर जाऊन उभा राहिला.

समोर तात वाजायची थांबली. हबीबभाई दाढीत कापूस तसाच घेऊन आले आणि कुंपणाच्या आत दगडावर बसले. शफीकने त्यांना पाहिले. खाली पाहिले. पायांची बोटे ओट्याच्या कडेवर आवळली.

त्याने उडी मारली. पाय बरोबर टेकले, गुडघे मिटले, पण जोर जास्त झाला आणि तो पुढे गेला. हनुवटी आत घेतली. खांद्यावरून गोल फिरला आणि मातीत उताणा पडून राहिला.

हबीबभाई अर्धे उठले होते.

शफीक उठून बसला. डावा हात एकदा वळवून पाहिला. मग उभा राहिला, मागची माती झटकली आणि रांगेत सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभा राहिला, पुन्हा पाळी यावी म्हणून. वाटेत त्याने बापाकडे पाहिले नाही.

हबीबभाई परत दगडावर बसले. त्याची पाळी येईपर्यंत बसून होते.

इकडील सर्व क्षेम. तुझी माया आजवर पुरली, पुढेही पुरावी.

तुझा
पुंजाजी